खंड्याचं काळीज

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात परंड्यापासून तीन कोसांवरच्या मेंढपाळ सोसायटीच्या आवारात एक यंत्र आलं. पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. शरणबसप्पा ते जीपमधून घेऊन आले होते. मेंढीच्या पोटावर यंत्राला वायरीनं जोडलेला मुठीएवढा तुकडा फिरवला की आत कोकरू आहे की नाही, ते छोट्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर दिसे. दुपारपर्यंत एकशे चाळीस मेंढ्या तपासून झाल्या.

रांगेत शेवटी गौराबाई उभी होती. तिच्याबरोबर मेंढी नव्हती, कुत्रा होता, खंड्या.

गौराबाईचा नवरा वारल्यापासून तिच्या साठ मेंढ्या खंड्याच राखत होता. दोन महिने तो धावला की खोकायचा. गेल्या आठवड्यात लांडग्याच्या मागे सुटला आणि शंभर पावलांवर चक्कर येऊन पडला. गावच्या गुरांच्या दवाखान्यातल्या आबारावांनी नळी लावून ऐकलं, तर ठोके एकसारखे पडत नव्हते. काळीज थकलंय, याला आता चालवू नका, असं त्यांनी सांगितलं.

कळप गुरुवारी भीमेकाठी चाऱ्याला निघणार होते. कुत्रा चालणार नसेल तर वैनीनं मेंढ्या आपल्या हवाली करून घरीच राहावं, असं तिचा दीर बिरू म्हणत होता. गौराबाईला ते मान्य नव्हतं. पण कुत्र्याविना उघड्या रानात साठ मेंढ्या राखणं तिला एकटीला जमणार नव्हतं.

यंत्र गाभ बघायचं आहे, काळजाचं नेमकं माप निघणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून टाकलं. खंड्याला कुशीवर निजवलं. बिरूनं लोकरीच्या कात्रीनं छातीवरचे केस कापले. लावायचं चिकट मलम मेंढ्यांवरच संपलं होतं, म्हणून गौराबाईनं घरून करडईचं तेल आणलं. डॉक्टरांनी तो तुकडा दोन फासळ्यांच्या मध्ये टेकवला.

पडद्यावर एक करडी मूठ मिटत होती, उघडत होती. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मागे उभ्या असलेल्या आबारावांना जवळ बोलावून त्यांचा तळहात खंड्याच्या बरगड्यांवर ठेवला. श्वास आत जाताना ठोके भरभर, बाहेर येताना सावकाश. धडधाकट कुत्र्याचंही असंच असतं, ते म्हणाले. काळजाच्या भिंती जोरानं आकसत होत्या, झडपा उघडत-मिटत होत्या.

"जन्मभर बैलच ऐकले, साहेब," आबाराव म्हणाले.

"मग पडतंय कशानं?" बिरूनं विचारलं.

गौराबाईनं खंड्याला उठवायला पट्टा धरून ओढला, तसा तो खोकला.

"परत धरा," डॉक्टर म्हणाले. तिनं धरला. तो परत खोकला.

लांडग्यानं गळा धरू नये म्हणून घातलेला तो खिळ्यांचा लोखंडी पट्टा होता. बकलाचे पट्टे चोरीला जातात, म्हणून त्या वस्तीत लोहाराकडून पट्टा कायमचा ठोकून घेत. खंड्याचा ठोकला तेव्हा तो दहा महिन्यांचा होता. पुढं मान वाढली, पट्टा तेवढाच राहिला, आणि दाट आयाळीखाली तो किती घट्ट झालाय, ते कुणाला दिसलं नाही. डॉक्टरांची करंगळीही आत शिरेना.

"काळीज बरं हाय," गौराबाई म्हणाली. "गळा आपुनच आवळलाय, भावजी."

लोहाराला आणायला बिरू स्वतः गेला. छिन्नीच्या चौथ्या घावाला पट्टा तुटला. खंड्यानं अंग झाडलं आणि जांभई दिली. पट्ट्यानं सोललेल्या कातड्याला डॉक्टरांनी औषध लावलं. आठवडाभर पळवू नका, चालवायला हरकत नाही, म्हणाले.

"भीमेपर्यंत चालंल?" गौराबाईनं विचारलं.

"तुमच्या आधी पोचेल."

गुरुवारी खंड्या कळपापुढे होता, छातीवर केस कापलेला चट्टा घेऊन. गळ्यात बिरूनं शिवलेला चामड्याचा पट्टा होता, पुढची चार भोकं मोकळी. निघण्याआधी बिरूनं त्यात दोन बोटं घालून बघितली. फाट्यावर आबाराव थांबले होते. त्यांनी खाली बसून नळी लावली. ठोके तसेच पडत होते, भरभर, मग सावकाश.

"जाऊ द्या," ते म्हणाले, आणि मेंढ्यांना वाट द्यायला बाजूला झाले.