आत्याच्या नजरेत न भरणारा कॅमेरा

कॅमेरा घ्यायचा तर तो कुरूपच हवा, हे मी आमच्या बेटावरच्या नेयाफूच्या बाजारात शिरायच्या आधीच ठरवलं होतं. बाबांच्या घशात गाठ निघाली होती. गुरुवारी शस्त्रक्रियेसाठी ऑकलंडला निघायचं होतं. आवाज राहील की नाही, हे डॉक्टर काही बोलले नव्हते, म्हणजे बोललेच होते. तीस वर्षं आमच्या चर्चमधलं गाणं बाबांच्या आवाजावर चाललं. तो आवाज जायच्या आत मला धरून ठेवायचा होता. झाडाच्या साली कुटून केलेलं कापड विकून हातात सहाशे पांगा आले होते, त्यात एकही वाढणार नव्हता.

आणि कुरूप कशाला, तर लूपे आत्यासाठी. आमच्याकडे बापाच्या बहिणीचा मान सगळ्यांत मोठा. भावाच्या घरातलं तिने काही मागितलं की ते तिचं, नाही म्हणायची सोय नाही. शिलाई मशीन गेलं, बोटीचं इंजिन गेलं, गेल्या नाताळात तर नवा पंखा फिरता फिरता गेला.

दुकानात माझा भाऊ माका दाराशीच थांबला. वयात आलेल्या बहीण-भावाने डोक्याला डोकं लावून एका पडद्यात बघायचं नसतं. मी बघून बाजूला व्हायचं, मग त्याने यायचं. दुकानदाराला याची सवय होती. माका एका चकचकीत नव्या कॅमेऱ्यावर भाळला. चित्र खरंच झकास होतं, माशाचे खवले मोजता येतील असं. पण वेगळा माईक जोडायला त्यात भोकच नव्हतं. दुसरा वापरलेला, कोपरा फुटलेला, पट्ट्याला चिकटपट्टी लावलेली. चित्र धुरकट. मात्र माईक जोडून कानाला लावलं, तर रस्त्यापलीकडच्या बायकांची कुजबुज ऐकू आली. माईक धरून त्याचेही सहाशेच.

माका मला ऐकू जाईल असं दुकानदाराला म्हणाला, "सांगा हिला, यात बाबा दिसणारच नाहीत. भूत घेऊन चाललीये घरी."

"त्याला सांगा, बाबांचं तोंड रोज बघतोच आपण. आणि याला आत्या हातही लावणार नाही."

दुकानदाराने हसत पावती फाडली.

शनिवारी बाबा अंगणात बसून तासभर गायले, मध्ये मध्ये नारळपाण्याचे घोट घेत. मी रडले, आणि हुंदका माईकमध्ये जाऊ नये म्हणून दात आवळून धरले. माझ्या हुशारीवर मी फार खूश होते.

रविवारी आत्या आली. वयात आल्यापासून बहीण-भाऊ आमच्याकडे एका खोलीत बसत नाहीत; बहीण आत आली की बाबा मागच्या दाराने बाहेर जातात, तसे गेले. ती मानाच्या जागी बसली, पोटभर जेवली आणि कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बोट करून म्हणाली, "तो मला हवा."

मी म्हटलं, आत्या, तो मोडका आहे. तिचं बोट तिथेच होतं. बाहेरून बाबांचा बसका आवाज आला, "दे तिला."

कॅमेऱ्यात कार्ड तसंच होतं. गाणी दुसरीकडे उतरवून घ्यायची राहिली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दिला.

बुधवारी, बाबा निघायच्या आदल्या दिवशी, मी तिच्याकडे गेले. कार्ड परत घ्यायचंच, वाटेल ते झालं तरी. आत्या दाराकडे पाठ करून बसली होती, कॅमेरा मांडीवर. पडद्यावर बाबा गात होते, पण घरात आवाज नव्हता.

मला वाटलं, हिला जमत नसेल. मी जवळ बसून म्हणाले, "आत्या, आवाज इथून वाढतो."

"माहितेय गं. मीच बंद केलाय." तिने मान वर केली नाही. "आवाज पाठ आहे मला. बारा वर्षांची झाले तेव्हापासून भिंतीपलीकडून ऐकतेय. चर्चमध्ये तो आमच्याकडे पाठ करून उभा असतो." मग तिने विचारलं, "गाताना डोळे मिटतो का गं तो?"

मी हो म्हणाले. कार्डाचं काही बोलले नाही.

नीट दिसावं म्हणून तिने बाहीने पडदा पुसला. मग पुन्हा पुसला. तो धुरकटपणा पुसून जाणारा नव्हता, आणि तो मीच निवडून आणला होता.