तळव्यांतून निघणारं लॉकडाऊन

कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग, आणि आत आमच्या सायन्स कॉलेजची पोरं प्लास्टिकच्या टबांत पाय सोडून बसलेली. शुद्धीचं शिबिर घेणारे गुरुजी टबात चिमूटभर 'ऊर्जा-मीठ' टाकत, वायर लावलेली पेटी पाण्यात सोडत आणि बटण दाबत. बघता बघता पाणी चहासारखं तपकिरी व्हायचं, वर फेस यायचा, आणि सगळा हॉल हात जोडायचा.

"दोन वर्षं खोलीत कोंडलात ना, ते नैराश्य तळव्यांत साचलंय," गुरुजी सांगत. मन तळव्यात असतं हे मला पन्नाशीत कळलं. असो.

मी गेले ते शुभंकरसाठी. नांदेडचा मुलगा, माझ्याकडे रसायनशास्त्र शिकतो. दुसऱ्या लाटेत वडील गेले तेव्हा तो सदाशिव पेठेतल्या खोलीत अडकलेला. वडिलांना दिलेला अग्नी त्याने मोबाइलवर पाहिला. मग झोप उडाली, जेवण तुटलं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी कुठे जरा माणसांत येत होता, तर गुरुजींनी त्या बंद करवल्या. गोळ्या विष आत दाबतात म्हणे. आता तो जगायला नको म्हणतो, असं त्याच्याबरोबर राहणाऱ्या वैजनाथने मला फोनवर सांगितलं, तेव्हा मी तशीच इथे आले.

मी एक रिकामा टब मागवला. तेच पाणी, तेच मीठ, तीच पेटी. पाय मात्र कोणाचेच नाहीत. बटण दाबलं. पाणी तपकिरी झालं, फेसासकट.

पेटीत लोखंडाच्या पट्ट्या आहेत, मी पोरांना सांगितलं. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. हा प्रयोग तुमच्या अभ्यासक्रमात आहे, मार्कही मिळालेत. पण कसले मार्क. लॉकडाऊनमध्ये या पोरांनी तो मोबाइलच्या पडद्यावर उरकला होता. पाण्याचा रंग प्रत्यक्ष कोणी पाहिलाच नव्हता.

गुरुजी जरासुद्धा हलले नाहीत. हॉलमध्येच एवढं नैराश्य भरलंय की पायांचीही गरज उरली नाही, म्हणाले. कोडगेपणाची कमाल आहे. दोन-चार पोरं उठली, बाकीची बसून राहिली.

शुभंकर पाय पुसत होता. "मॅडम, म्हणजे माझं काहीच बाहेर गेलं नाही. सगळं आतच आहे."

"हो," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "हा आजार आहे, गंजाच्या पाण्याने जात नाही. चल, डॉक्टरांकडे जाऊ."

"पाणी तपकिरी झालं की तेवढी रात्र झोप लागायची. आता तीही नाही लागणार."

मी बाहेरच्या ढिगातून त्याच्या चपला शोधून काढल्या.

वाचणाऱ्यांनो, एवढंच करा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या थांबवू नका, अशा पोराला एकटं सोडू नका, आणि चमत्कार दाखवणाऱ्याला म्हणा, एकदा पाय न घालता करून दाखव.

शुभंकर माझ्याबरोबर आला. मानसोपचाराच्या दवाखान्यात सगळ्या बाकांवर त्याच्याच वयाची मुलं होती. आम्ही उभेच राहिलो.