उभी रेघ आणि थांबलेला कागद

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावरच्या उभ्या फळीवरून कागदाची पट्टी सरकत होती आणि तारेला अडकवलेलं पेन तिच्यावर आडवी रेघ ओढत होतं. शेजारी, झालर लावलेल्या टेबलामागे रेखागुरू बसले होते. पांढरा कोट, अर्धे मिटलेले डोळे, आवाजात साखर.

"आडवी रेघ म्हणजे आपण, जमिनीवरची माणसं. गेलेला जीव आला की रेघ उभी राहते, थेट अनंताकडे. विज्ञानानेही इथे हात टेकले आहेत. ओठ मिटून गुणगुणा, मोठ्याने."

विज्ञानाचं माहीत नाही, पण लोकांनी अक्कल छत्र्यांबरोबर दाराशी ठेवली होती. सगळे गुणगुणत होते. तिसऱ्या रांगेतला शिंपीही गुणगुणत होता. शेजारी त्याची बायको, शाळेतल्या गणिताच्या बाई, गप्प बसल्या होत्या.

मुलगा अपघातात गेल्यापासून बाईंना काही वाटेनासं झालं होतं. जेवण, वर्ग, सांत्वनाला येणारी माणसं, सगळं समोरून जायचं. शिंपी मात्र इथे यायला लागला. मागच्या खेपेला रेघ उभी राहिली आणि गुरूंनी निरोप सांगितला, "मुलगा म्हणतोय, बाबा, सुई बंद करा. तुमची साखर मी सांभाळतो."

तेव्हापासून इन्शुलिन फ्रिजमध्ये पडून होतं. शिंपी घटाघट पाणी प्यायचा, वाळत चालला होता, सुईत दोरा ओवायलाही त्याला दिसेना. डॉक्टर म्हणाल्या, "असंच चाललं तर बेशुद्ध अवस्थेत आणाल त्यांना." बाईंनी समजावलं तेव्हा तो म्हणाला, "तुला त्याचं काही वाटतच नाही."

ती उभी रेघ उमटलेली पट्टी त्याने घरी शिलाई मशीनवर चिकटवली होती. आज हॉलमध्ये यायच्या आधी, सकाळी चहा घेताना बाईंनी सहज त्या रेघेला गुण्या लावून पाहिला. बरोबर काटकोन. वर्षानुवर्षं वर्गात घोकून घेतलेलं त्यांना आठवलं. रेषेचा चढ म्हणजे किती वर गेलो, भागिले किती पुढे सरकलो. आडव्या रेघेत वर जाणंच नाही, म्हणून चढ शून्य. उभ्या रेघेत पुढे सरकणंच नाही. शून्याने भागता येत नाही, म्हणून तिला चढ हा आकडाच नाही.

इथे पुढे सरकण्याचं काम कागदाचं होतं. कागद चालू असताना पेन कितीही झपकन वर गेलं, तरी रेघ थोडी तरी तिरकी पडणार. ही केसभरही तिरकी नव्हती.

"गुरुजी," बाई मंचावर जाऊन म्हणाल्या, "ही मुलाची पेन्सिल आहे. कागदाला टेकवून धरू का?"

"धरा ना, ताई. मायेची खूण लगेच पोचते."

बाईंनी पट्टीच्या खालच्या कडेला पेन्सिल टेकवली आणि हात घट्ट धरला. पट्टी सरकत होती, पेन्सिलीचीही आडवी रेघ उमटत होती. गुरूंनी हाक मारली, "बाळा, आलास का?" पेन सरळ वर चढलं, खाली आलं आणि पुन्हा आडवं चालू लागलं. हॉलमधून हुंदके आले.

"माझा हात हलला नाही," बाई लोकांकडे वळल्या. "तरी बघा, पेन वर होतं तेव्हा माझी रेघ पुढे गेलीच नाही. एकाच जागी गडद ठिपका झालाय. तेवढा वेळ कागद थांबला होता."

"आत्मा आला की काळच थांबतो, ताई."

मागून कुणीतरी मनगट पाहिलं. "माझं घड्याळ तर चालूच आहे."

बाईंनी झालर उचलली. गुरूंचा उजवा पाय पेडलवर होता. डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधला होता, तो फळीमागून पेनापर्यंत गेला होता.

शिंपी उठून उभा राहिला. "शिलाई मशीनचा पेडल आहे तो," तो पुटपुटला. "दाबला की मोटर चालते. पाय उचलला की थांबते. मी रोज तेच करतो."

मोटर थांबल्याचं ऐकू येऊ नये म्हणून गुणगुण होती.

"मी कुणाच्या दुःखाला हसत नाही," बाई म्हणाल्या. "माझाही मुलगा गेलाय. पण चमत्कार दाखवणाऱ्याला तपासू द्या म्हणा. नाही म्हणाला तर उठून घरी जा. आणि कुणाच्या सांगण्यावरून औषध सोडू नका."

काही जण गुरूंवर धावले, काही आपापली पट्टी छातीशी धरून तसेच बसून राहिले.

घरी आल्यावर बाईंनी डॉक्टरांना फोन करून मात्रा विचारली आणि सुई भरली. शिंपी खुर्चीवर बसून होता.

"म्हणजे तो आलाच नव्हता."

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

त्याने सदरा वर केला. बाईंनी पोटाची चिमूट धरली, तर बोटांत नुसती कातडी आली. हाही गेला असता. इतक्या दिवसांनी बाईंना पहिल्यांदा भीती वाटली, आणि तिच्या मागोमाग बाकीचं सगळं आलं. सुई टोचून झाली तरी त्यांचा हात तिथेच होता.

शिंप्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "दुखतंय का गं?"

"हो," बाई म्हणाल्या.