तोर्केलने काडी ओढली नाही

डाकोटाच्या या माळावर पहिला नांगर धरला तो माझ्या धाकट्या भावानं, हाल्वरनं. म्हणून लोकांनी त्याला आमदार करून राजधानीला पाठवलं. तिथून त्यानं एक कायदा करून आणला: बर्फ पडेपर्यंत माळावरच्या गवताला जो काडी लावेल, तो तुरुंगात.

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "वणवा अंगावर आला की समोरून आग लावूनच घर वाचवतात ना? तेवढी सूट घाल की!"

"सूट दिली की जो तो तेच निमित्त सांगेल, ताई." आमदारसाहेब माझं कशाला ऐकतायत!

ऑक्टोबरात हाल्वर गहू घेऊन गिरणीवर गेला आणि मागे पश्चिमेकडून वणवा आला. मी कायदाबियदा बघत बसले नाही. चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि अंगणापुढचं गवत पेटवून दिलं. वणवा पोचला तेव्हा तिथं जळायला काही उरलंच नव्हतं. घर वाचलं.

शेजारच्या तोर्केलकडे धावले. गोठा कोसळला होता. गाय सोडवायला त्याची बायको ओसा आत गेली होती. देवा रे! तिला मी बुटावरून ओळखलं.

संध्याकाळी हाल्वर आला. आमदाराला लिहायला मेज हवं म्हणून गाडीत फळ्या भरून आणल्या होत्या.

"अंगणापुढं कुणी पेटवलं?"

"मी. ने तुरुंगात!"

तेवढ्यात तोर्केल आला. दोन्ही हात भाजलेले, चिंध्या गुंडाळलेल्या. त्यानं खिशातून काड्यांची पेटी काढून हाल्वरपुढे ठेवली.

"तुझा कायदा मी मोडला नाही हं, हाल्वर. ओल्या पोत्यांनी झोडपत राहिलो. ओसा ओरडत होती, काडी ओढ, काडी ओढ म्हणून. मी म्हटलं, हाल्वर आपला माणूस आहे, त्यानं काही विचार करूनच सांगितलं असेल."

टोमणा नव्हता हो तो! टोमणा असता तर बरं झालं असतं.

लहानपणी काही फोडलं की हाल्वर माझ्याकडे बघायचा, तसा बघत राहिला. तेव्हा दर वेळी मी त्याला पाठीशी घालायची.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "फळ्या उतरव. ओसासाठी शवपेटी करायचीय."

त्यानं फळ्या उतरवल्या. तोर्केल भाजल्या हातांनी दुसरं टोक धरायला गेला.