टाकीचा पत्रा

टाकीतला मधला पत्रा पडला तेव्हा काडी टाकीच्या पुढच्या कप्प्यात अंग चोरून बसली होती आणि कोपऱ्यांना डांबरी रंग फासत होती. खण्णकन आवाज झाला, टाकी हादरली आणि रंगाचा डबा तिच्या गुडघ्याला लागून लवंडला. तिने बॅटरी मागे फिरवली. ज्या भोकातून ती सरपटत आली होती, तिथे आता हाताचा पंजा जेमतेम जाईल एवढी फट उरली होती.

काडी म्हणजे घरची थोरली सून. खरं नाव कागदापुरतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "ही काडी टाकीत मावेल." सासरे आगीच्या बंबाचे चालक. त्यांचा बंब मोडीत निघाला तेव्हा त्यांनी तो ओढून घरामागच्या शेडमध्ये आणला, आणि तेव्हापासून जुने बंब दुरुस्त करणं हाच घरचा धंदा झाला. बंबाच्या टाकीचं झाकण ताटाएवढं. घरातल्या पुरुषांची पोटं त्यातून जायची सोय नव्हती. म्हणून गंज खरवडायला काडी, रंग द्यायला काडी. जेवताना तिने दुसऱ्यांदा वाढून घेतलं की सासरे हसत म्हणायचे, "सूनबाई, झाकण लक्षात असू द्या." सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचा हात अजूनही पातेल्याकडे जाता जाता थांबायचा.

तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. बंबाची माहिती सांगायला त्याला फक्त ऐकणारा लागे. पहिल्या बंबांवर पाण्याची टाकीच नसायची. विहिरीत नाहीतर तळ्यात जाड नळी सोडायची आणि पंपाने पाणी ओढायचं. टाकी नंतर आली. गाडीला दारं का नाहीत? माणसांना पटकन उडी मारता यावी म्हणून. ती बाजूच्या फळीवर पितळी दांडी धरून उभी राहायची. वळणावर एखादा पडायचाही, म्हणून पुढे त्यांना आत बसवायला लागले. आणि टाकीत आडवे पत्रे कशाला? पाणी मोकळं राहिलं तर वळणावर सगळं एका अंगाला धावतं आणि गाडी उलटवतं. उस्ताद हे सगळं घंटा वाजवत, हातवारे करत सांगायचा. त्या आडव्या पत्र्यांच्या भोकांतून सरपटत कोण जातं, हे मात्र त्याच्या गोष्टीत कधी आलं नव्हतं.

आज सासऱ्यांच्या त्या पहिल्या बंबातल्या अशाच एका पत्र्याचे गंजलेले रिव्हेट तुटले होते आणि तो खाली घसरून तिरका रुतला होता.

"अहो," तिने हाक मारली, "मधला पत्रा पडला. अडकले मी."

झाकणापाशी उस्तादाचा आवाज आला. "ढकलून बघ."

"ढकलला. हलत नाही."

मग धाकटा दीर वर चढला. त्याने झाकणातून पहार घातली, पण ती कोनात बसेना. "घाबरू नका हं, वहिनी."

"भावोजी, मी नाही घाबरले. पण रंग सांडलाय, त्याची वाफ डोक्यात चढायला लागलीय."

बाहेर कुजबूज सुरू झाली. बाहेरच्यांना वाटतं, टाकीत काही ऐकू जात नाही. उलट टाकीत सगळं दुप्पट ऐकू येतं.

"अग्निशमन दलाला फोन करतो," दीर म्हणाला.

"बंबात अडकलेल्या बाईला काढायला बंब बोलावतोस? जन्मभर हसतील आपल्याला. आणि संग्रहालयाची माणसं गाडी न्यायला यायची आहेत, त्यांच्या कानावर गेलं तर?"

"मग बाजूचा पत्रा कापू."

 

"ते रिव्हेट बाबांनी स्वतःच्या हाताने मारलेत," उस्ताद म्हणाला. "इंजिन बदललं, चाकं बदलली, शिडी नवी केली. बाबांच्या हातची एवढी टाकीच राहिलीय रे."

"आत वहिनी आहे, दादा."

"मला माहीत आहे कोण आहे ते. जरा विचार करू दे."

दीर विचार करायला थांबला नाही. ग्राइंडर घरघरला. काडीने खरवडणीने टाकी बडव बडव बडवली. "बंद करा ते. ठिणगी पडली तर भाजून निघेन मी इथे."

ग्राइंडर थांबला. "अरे देवा," दीर एवढंच म्हणाला.

तिचं डोकं जड झालं होतं. तळाला, पाणी सोडायच्या नळाचं भोक होतं. "खालचा नळ काढा," ती म्हणाली. उस्ताद गाडीखाली सरपटला, त्याने पान्याने नळ फिरवून काढला, आणि भोकातून गार वारा आला. काडी पालथी पडली आणि तिने नाक त्या भोकाला लावलं. पलीकडे, पाठीवर पडलेला उस्ताद. दोघांच्या तोंडांमध्ये वीतभर नळीचं अंतर.

"श्वास येतोय का?"

"येतोय. तंबाखूचा वासही येतोय. सोडली होतीत ना?"



"असं कर," तो म्हणाला, "कळ काढ. लोहाराला निरोप धाडतो. संध्याकाळपर्यंत येईल. लांब हत्यार घालून तो पत्रा सरकवेल."

"संध्याकाळपर्यंत मी शुद्धीवर असेन?"

"बाबांचं काम आहे गं."

"माहीत आहे. मी ते आतून बघत आलेय इतकी वर्षं. तुम्ही कधी पाहिलंच नाही. एकसारखे, ओळीत, सुरेख आहेत रिव्हेट." तिला खोकला आला. "अहो, मी मेले तरी मला बाहेर काढायला हाच बाजूचा पत्रा तोडावा लागेल. मग आत्ताच तोडा."

पलीकडे अंग घासल्याचा आवाज झाला, पावलं लांब गेली. काडीला कळेना, तो लोहाराकडे निघाला की आणखी कुठे. बॅटरी मंद झाली होती. तिने भोकाला तोंड लावून पुन्हा हाक मारली. कोणी नव्हतं. भिंती जवळ जवळ येताहेत असं वाटायला लागलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला टाकीची भीती वाटली.

मग तिच्या खांद्यापाशी पत्र्यावर टकटक झाली.

"मागे सरक," उस्ताद म्हणाला. "छिन्नी लावतोय."

ठिणगी पडू नये म्हणून दीर छिन्नीवर पाण्याची धार धरून उभा होता. ते पाणी फटीतून तिच्या बाहीवर ठिबकलं. एकेक रिव्हेट तुटून बाहेर पडायला लागला. प्रत्येक घावानंतर उस्ताद क्षणभर थांबत होता, तेही तिला आतून कळत होतं. शेवटी पत्रा वाकला आणि उजेड आत घुसला.

काडी बाहेर आली तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत डांबराने माखली होती. दिराने तिला फळीवर बसवलं, पाणी दिलं. उस्तादाने रॉकेलचा बोळा तिच्या हातात ठेवला आणि तो तोडलेल्या पत्र्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"बसवता येईल परत," तो म्हणाला. "नवे रिव्हेट मारू. फक्त बाहेरून ठोकताना आतून जड लोखंड टेकवून धरायला कोणीतरी लागतं. आज नको. उद्या, तुला बरं वाटलं की..."

दीर जमिनीकडे बघायला लागला.

"मी धरणार नाही," काडी म्हणाली.

"मग पत्रा बसायचा कसा? पाणी गळेल."

"गळू दे. संग्रहालयात कुठे आग विझवायचीय?"

"उघडी टाकी बघून लोक काय म्हणतील?"

"आत काय असतं ते तुम्ही हातवारे करून सांगता. आता त्यांना दिसेल."

उस्ताद वाकला आणि त्याने त्या भगदाडातून डोकं आणि खांदे आत घातले. पुढे पोट अडलं. बराच वेळ तो तसाच होता. त्याचा आवाज घुमून आला, "इथे पाठ टेकायलाही जागा नाही."

"नाही," ती म्हणाली.

"दादा," दीर तुटका पत्रा हातात धरून विचारत होता, "हा कुठे ठेवू?"



"ठेव कुठेही," उस्ताद टाकीतूनच म्हणाला.