पिकीरचं विष

शुक्रवारी दुपारपासूनच दूर समुद्रातल्या आमच्या बेटावर, नुव्हेल फ्रांस गावच्या बैठकेसमोर माणसं दाटायची. बैठका म्हणजे गावाचं सभागृह. लग्नं, भजनं, भांडणं सगळं तिथंच. पण १९८४ साली तिथं शुक्रवारी एकच गोष्ट चालायची. धुक्यातल्या पावसात छत्र्या एकमेकींत अडकायच्या. गुडलँड्सहून भाड्याची व्हॅन यायची, लाँग माउंटनहून माणसं तीन बस बदलून यायची. प्रत्येक घोळक्याच्या मधोमध एकजण असा असायचा, की त्याची नजर गर्दीत नसून भलतीकडेच कुठंतरी असायची. हे मनाचे रोगी. त्यांच्यासाठीच ही सगळी धाव.

आत पाटावर तुलसीराम महाराज बसलेले. भगवी शाल, कपाळभर भस्म, पुढं पाण्यानं भरलेली पितळी परात.

"पिकीर!" महाराज गरजायचे. आमच्याकडं इंजेक्शनला पिकीर म्हणतात. "डॉक्टरनं सुईतून विष घातलंय, लोकहो! ते डोक्यात जाऊन बसलंय. मी त्याला बाहेर बोलावतो. विलायती विष आहे, मराठीत ऐकत नाय, म्हणून संस्कृतात बोलावतो!"

मग ते रोग्याच्या तळव्याला पिवळं भस्म चोळत, काहीतरी पुटपुटत आणि हात परातीत दाबून धरत. पाणी लालभडक व्हायचं.

"निघालं! बघा, निघालं!"

बाया हात जोडायच्या, पुरुष टोप्या काढायचे. महाराज पैशाला हात लावत नसत, त्यामुळं लोकांचा विश्वास दुप्पट. मनगटाला काळा दोरा बांधून ते निक्षून सांगत, "आता पिकीर बंद. एक थेंब जरी आत गेला, तरी देव निघून जाईल."

त्या गर्दीत माझी आईसुद्धा होती, आणि तिनं हाताला धरून आणलेला माझा भाऊ चंद्रमोहन.

चंद्रमोहन क्यूरपीप-माहेबूर गाडीवर कंडक्टर होता. त्याच्याइतका बोलका कंडक्टर त्या रस्त्यावर नव्हता. मग त्याला आवाज ऐकू यायला लागले. तिकीट फाडताना कुणीतरी कानात सांगायचं, हे लोक तुझ्यावर नजर ठेवून आहेत. त्याला इस्पितळात ठेवावं लागलं. तिथून आल्यावर दर काही आठवड्यांनी दवाखान्यात जाऊन कमरेत पिकीर घ्यायची, असं ठरलं. आवाज थांबले, हे खरं. पण माझा भाऊ लाकडाचा झाला. चालताना हात हलेनात, तोंडातून लाळ गळायची, शर्टाची बटणं मी लावून द्यायची. मी दवाखान्यात सांगितलं. एकदा नाही, दर खेपेला सांगितलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळायचं, "आवाज बंद झालेत ना? मग झालं तर."

तेव्हा आईनं त्याला महाराजांकडं नेलं, यात तिचा दोष मी तरी कसा काढू?

त्या दिवशी मी आईच्या मागंच उभी होते. महाराजांनी विचारलं, "शेवटची पिकीर कधी?"

"परवाच, महाराज," आई म्हणाली.

"घेतो याला."

आमच्यामागं शेजारची पुष्पामावशी होती, तिची मुलगी शांती तिच्या पदराला धरून.

"हिची पिकीर कधी?"

"हिला पिकीर कधी दिलीच नाय, महाराज. लोक काय म्हणतील म्हणून इस्पितळात नेलंच नाय."

महाराजांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले. "देव नाय म्हणतो. हे मागच्या जन्माचं आहे." पुष्पामावशी रडत घरी गेली.

पुढं जे झालं ते मी लपवणार नाही. चंद्रमोहन सुधारला. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले, चालताना हात हलू लागले. एका सकाळी तो स्वतः बटणं लावून बाहेर आला आणि अंगणात उभा राहून मोठ्यानं ओरडला, "क्यूरपीप! क्यूरपीप! पुढं सरका, मागं जागा करा!" आई हसत हसत रडली. मीही रडले. आवाज नाहीत, कडकपणा नाही. पिकीर बंद केली आणि भाऊ परत मिळाला! सगळं गाव बघायला आलं. महाराजांच्या तोंडी आता आमच्याच घराचं उदाहरण असायचं.

पण माझं मन मानेना. मी क्यूरपीपच्या स्वेटरच्या कारखान्यात कामाला होते. तिथं धागे रंगवताना एका पाण्यातला रंग दुसऱ्या पाण्यात बदलतो, ते बघितलेलं डोक्यात होतं. एका रविवारी मी तळव्याला हळद चोळली, पाण्यात पानाचा चुना विरघळवला आणि आईसमोर हात बुडवला. पाणी लालभडक.

"बघितलंस? कुणाचं विष निघालं हे? हळदीचं?"

आईनं शांतपणे पाणी मोरीत ओतलं. "असेल गो हळद. पाणी खोटं असेल. पण माझा पोरगा उठून चालायला लागला, तो पण खोटा?"

मग पुष्पामावशीला दाखवलं, शेजाऱ्यांना दाखवलं, सगळ्यांचं तेच. हातचलाखी मी पकडली, आणि तिचा काडीचा उपयोग झाला नाही! भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं.

शेवटी मी चंद्रमोहनशीच बोलले. तो म्हणाला, "चल, डॉक्टरकडं जाऊ. मी कशानं बरा झालो, ते मलापण कळू दे."

दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते, डॉक्टर सखाराम. आमच्यातलेच, विलायतेत शिकून आलेले. पिकीर सोडली म्हणून ओरडतील, या तयारीनं मी गेले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी चंद्रमोहनचा कोपर वाकवून बघितला, त्याला खोलीभर चालवलं.

"आधी कडक होतास?"

"लाकडासारखा."

"कुणाला सांगितलंस?"

"माझ्या बहिणीनं सांगितलं. प्रत्येक वेळी."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. "ते आम्ही ऐकायला हवं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी रक्त काढून घेतलं. रक्तात औषध किती आहे, ते मोजायची सोय आपल्याकडं नाही, विलायतेत त्यांच्या गुरूंच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागेल, उत्तराला वेळ लागेल, असं सांगितलं. "तोवर थोडी कमी मात्रा देतो. घेशील?"

चंद्रमोहननं मनगटावरचा दोरा चाचपला. "नको, डॉक्टर. आता बरा आहे मी."

मी किती विनवलं! बसमध्ये भांडले, घरी भांडले. बऱ्या माणसाला औषध घे म्हणणं म्हणजे वेडेपणा, असं सगळ्यांनी मलाच सुनावलं.

आणि मग व्हायचं ते झालं. आधी त्याची झोप गेली. मग तो विजेच्या तारांखाली थांबून ऐकत बसू लागला. आई महाराजांकडं धावली. महाराज म्हणाले, "घरात कुणीतरी संशय घेतला. देव निघून गेला." म्हणजे मी!

एका सकाळी चंद्रमोहन रस्त्याच्या मधोमध जाऊन माहेबूरच्या गाडीपुढं उभा राहिला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून तो वाचला. दार उघडताच तो आत चढला आणि एकेका माणसाचे पाय धरून आधी इथल्या बोलीत, मग मराठीत विनवू लागला. "तू दिमून देसान! सगळे उतरा! ही गाडी परत येत नाय, मला सांगितलंय, तुमच्या पोरांसाठी तरी उतरा!" तो ढसाढसा रडत होता. मी पोचले तेव्हा त्याच्या जुन्या ड्रायव्हरनं, हरिलालनं, त्याला मिठीत धरलं होतं. माणसं खिडक्यांतून बघत होती. कुणी हसत होते. त्यांतले कितीतरी चेहरे मला शुक्रवारच्या बैठकेतले वाटले.

तो पुन्हा इस्पितळात गेला. डॉक्टर सखारामांनी पुन्हा रक्त पाठवलं. दोन्ही उत्तरं आल्यावर त्यांनी मला आणि आईला समोर बसवलं.

"मावशी, वादळानंतर नळाचं पाणी जातं, तरी तुमच्या घरात पाणी कसं येतं?"

"छपरावर टाकी आहे ना."

"ही पिकीर तशीच आहे. ती तेलात मिसळलेली असते, मांसात साठते आणि हळूहळू रक्तात उतरते. पिकीर बंद केली म्हणजे नळ बंद झाला. टाकी चालूच राहते, कित्येक आठवडे. तो हसत होता तेव्हाचं हे पहिलं रक्त. त्यात औषध होतं."

"होतं?" आईचा आवाज बारीक झाला.

"भरपूर होतं. आम्ही देत होतो ती मात्राच याला जास्त होत होती, म्हणून तो कडक झाला. पिकीर थांबल्यावर औषध उतरत गेलं. उतरताना ते मध्ये अशा जागी आलं, की कडकपणा गेला आणि आवाजही दबलेले राहिले. तुम्ही बघितलात तो चमत्कार हाच. पण उतरणारं औषध तिथं थांबत नाही. दुसऱ्या रक्तात जवळजवळ काही नाही."

"म्हणजे तो बरा झाला, तो..."

"औषधानंच. योग्य तेवढ्या औषधानं." मग त्यांनी पुस्ती जोडली, "नुसत्या आकड्यावर मी भरवसा ठेवणार नाही. आकडाही बघीन आणि माणूसही बघीन. पण आता याला किती पुरतं, याचा अंदाज आहे. तेवढंच देऊ."

बाहेर आले तर पिकीरच्या रांगेत एक ओळखीचा चेहरा. साधी पँट, जुनं स्वेटर, कपाळ स्वच्छ. तुलसीराम महाराज! एका थोराड, गोंधळलेल्या माणसाचा हात धरून ते नर्सला अजिजीनं सांगत होते, "आजच द्या हो. मागं तारीख चुकली होती. दोन महिने छान राहिला, मग घर पेटवायला निघाला. माझा भाऊ आहे."

मी पुढं जाऊन उभी राहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"याला दोरा का नाय बांधला, महाराज?"

त्यांनी एका क्षणात स्वतःला सावरलं. "देव आपल्या घरात चालत नाय, पोरी."

दोन महिन्यांनी काय होतं, ते या माणसाला स्वतःच्या घरात कळलं होतं, आणि त्याच ज्ञानावर त्यानं बैठका भरवली होती!

चंद्रमोहन घरी आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, शुक्रवारी सगळ्यांसमोर त्या भावाची गोष्ट सांगते. चंद्रमोहन एकदम म्हणाला, "नाय. त्या माणसाचं नाव बैठकेत घ्यायचं नाय. तो आजारी आहे, लबाड नाय. मला बसमध्ये हसले ते पुरे झालं."

शुक्रवारी तो स्वतःच परातीपुढं जाऊन बसला.

"महाराज, पहिल्या दिवशी तुम्ही मला काय विचारलं होतं?"

"अरे, किती जण येतात..."

"शेवटची पिकीर कधी, हेच विचारलं. सगळ्यांना तेच विचारता. ज्यानं नुकती घेतली त्याला देव हो म्हणतो. शांतीनं कधीच घेतली नव्हती, तिला नाय म्हणाला. पिकीर कधीच न घेतलेला एक तरी रोगी बरा केलाय? दाखवा."

लोक एकमेकांकडं बघू लागले.

"मूर्खा," महाराज ओरडले, "ज्याच्या अंगात पिकीरच नाय, त्याच्या अंगातून काढू काय?"

"म्हणजे बरं व्हायला आधी पिकीर पाहिजेच ना!" चंद्रमोहन म्हणाला.

मागून कुणीतरी हसलं. मग गुडलँड्सचा एक माणूस उठला. "माझ्या बायकोची पिकीर मी महिन्यापूर्वी बंद केली. ती एकदम छान आहे. आता... आता काय होईल?"

"आजच तिला दवाखान्यात न्या," मी म्हटलं, आणि टाकीची गोष्ट सांगितली.

तो गेला. आणखी काही घरं त्याच्यामागं गेली. पण बाकीची गर्दी हलली नाही! एक बाई मलाच म्हणाली, "तुमच्यामुळं देव रागावला." महाराज पुढं दुसऱ्या गावात बसू लागले, तिथंही गाड्या जातात. आई अजून म्हणते, "पण ते दिवस चांगले होते गो." चांगले होतेच. म्हणूनच तर माझा संताप होतो! पुष्पामावशीनं मात्र सोमवारी शांतीला घेऊन पहिली बस पकडली.

चंद्रमोहन आता कमी मात्रेची पिकीर घेतो. हात हलतात, आवाज दबून आहेत. बसगाड्यांच्या डेपोत त्याला काम मिळालंय.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. औषध सोडल्यावर माणूस बरा दिसला, तर तो औषध सोडल्यामुळं बरा आहे असं समजू नका. आधी काय दिलं होतं आणि ते अंगात किती उरलंय, ते विचारा. औषधानं त्रास होत असेल तर देवऋषाला नव्हे, डॉक्टरला सांगा. त्यानं ऐकलं नाही तर पुन्हा सांगा, टेबलावर हात आपटून सांगा. डॉक्टरनं कान बंद केले, की लोक बैठकेकडं वळतात. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर बरे झालेले मोजू नका. दारातून परत पाठवलेले कोण, ते बघा.