सृष्टीची मूठ

“महाराज, मनगट न धरता सृष्टीची मूठ उघडून दाखवाल का?”

राजनंदिनीनं विचारलं. नववीतल्या मैत्रिणींनी पैज घातली होती, हे विचारूनच दाखव म्हणून. आता त्याच मुली मंडपाच्या खांबामागं दडल्या होत्या. निमगाव केतकीतलं अर्धं गाव मान वळवून बघत होतं, कारण आत्ताच चमत्कार झाला होता. तिच्या सहा वर्षांच्या बहिणीची जन्मापासून आवळलेली मूठ महाराजांनी मंत्र पुटपुटत, हात विभूतीच्या ताटावर झुकवून उघडली होती. सलग आठव्या गुरुवारी. घरी पोचेपर्यंत ती पुन्हा मिटायची. मग महाराज सांगायचे, घरात कुणाला तरी शंका आहे.

“शक्ती मनगटातूनच उतरते, बाळ. त्याला बारा वर्षांचं तप लागतं.”

“मी तर सकाळी ऑम्लेट खाऊन आलेय,” राजनंदिनी म्हणाली आणि तिनं सृष्टीचं मनगट हळूच खाली वाकवलं. बोटं उलगडली. सरळ केलं, मिटली. पुन्हा वाकवलं, पुन्हा उलगडली.

“आता हिलाबी गादीवर बसवा,” पुढं बसलेल्या प्रयागबाई म्हणाल्या. मंडप हसला.

राजनंदिनीनं मग सगळ्यांना समजावलं. बोटं मिटवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटावरून जातात. ताठरलेल्या हाताचं मनगट वाकवलं की त्या सैल पडतात. रोजची कामं आपल्या हातानं करायला शिकवणाऱ्या, बारामतीच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट माधवी मॅडमनी हे पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. तिनं त्या उघड्या हातावर पेढा ठेवला. बोटांना तो धरता आला नाही, घरंगळून खाली पडला.

महाराजांनी पुढच्या भक्ताला हाक मारली, आणि रांग निमूटपणे पुढं सरकली.

घरी शाबासकी नव्हतीच. “तितं बारामतीला तरी काय करत्यात?” वडील सर्जेराव म्हणाले. “कणीक मळाय लावत्यात, बाटलीत शेंगदाणं टाकाय लावत्यात. खेळाय एवढ्या लांब जायाचं?”

“सहा महिनं एसटीनं नेली म्या,” आई भिंतीला टेकली. “जीव थकला गं. हितं एका मिन्टात मूठ उघडायची. बघून बरं वाटायचं.”

राजनंदिनीला आईचा राग येईना. पण त्याच खेळातून सृष्टी जाड दांड्याचा चमचा धरायला शिकली होती. अर्धा आमटीभात फ्रॉकवर सांडत का होईना, स्वतः जेवली होती. बारामतीचे गुरुवार महाराजांकडं गेले, घरचा सराव सुटला आणि चमचाही हातातून निसटू लागला. हात इतरांसारखा होणार नाही, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं. रोज थोडं करून घेतलं, तर ती आपल्या हातानं जेवेल, एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

“आपल्याला बघून बरं वाटण्यापेक्षा तिला घास घेता आला पाहिजे,” ती म्हणाली. “आई, तू दमलीयस. येत्या गुरुवारी पहिल्या एसटीनं मी नेणार तिला. शाळेत सांगून आलेय.”